दुबईत आई-बाबांसोबत पाच दिवस: यादीतलं काय ठेवावं, काय गाळावं, आणि एक दिवस अल ऐनला का द्यावा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही पाच दिवस दुबईला येताय. सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि पाचवीतली मुलगी. बाबांचे गुडघे दुखतात. एजंटने यादी दिली आहे: बुर्ज खलिफा, मरीना क्रूझ, डेझर्ट सफारी, अबू धाबी, मिरॅकल गार्डन, ग्लोबल व्हिलेज आणि ‘एका दिवसात सहा अमिराती’ अशी बस सहल. एवढं सगळं झेपेल का आणि शहराबाहेरची कुठली सहल खरोखर करण्यासारखी आहे, असं तुम्ही विचारलंय.

मी इथे बरीच वर्षं गाईड म्हणून काम करते आणि माझ्याबरोबर फिरणारी बहुतेक कुटुंबं पुणे, नाशिक, मुंबईकडचीच असतात. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. बस सहल रद्द करा. मिरॅकल गार्डन ही फुलांची बाग आणि ग्लोबल व्हिलेज ही देशोदेशीची जत्रा, यांतलं एकच ठेवा. अबू धाबीला एक पूर्ण दिवस द्या. आणि जो दिवस मोकळा होईल तो अल ऐनला द्या. एजंटच्या यादीत हे नावच नाही, पण पाच दिवसांत या भूमीबद्दल काही समजून घ्यायचं असेल तर ते तिथेच समजतं.

बस सहल का नको, ते सांगते. शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा, फुजैरा करून रात्री परत. त्यातला बहुतेक वेळ हमरस्त्यावर आणि शारजाच्या वाहतुकीत जातो. प्रत्येक थांब्यावर उतरा, फोटो काढा, चढा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बसच्या पायऱ्याच दिवसभराची शिक्षा ठरतात, आणि संध्याकाळी विचारलं तर कुठलं ठिकाण कुठे होतं हे कोणाला आठवत नाही.

आता शहराकडे वळू. दुबई म्हटलं की सगळे बुर्ज खलिफाने सुरुवात करतात. मी खाडीपासून करते. हे शहर उभं राहिलं ते खोर दुबई या खाडीच्या काठी. तेल सापडलं १९६६ साली. त्याच्या कितीतरी आधी, १९५९ ते १९६१ च्या दरम्यान, दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी उसने पैसे घेऊन या खाडीतला गाळ उपसून घेतला, म्हणजे मोठी गलबतं आत येऊ शकतील. या गावाने पैज लावली ती व्यापारावर. आणि तो व्यापार आपल्या मुंबईशी इतका जोडलेला होता की १९६६ पर्यंत इथे रुपयाच चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक खास आखातासाठी वेगळे रुपये छापत होती. १९६६ साली भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि मग इथल्या राज्यांनी तो सोडला. आखातातले मोतीही विकले जायचे ते मुंबईच्या बाजारात. बाबांना हे सगळं खाडीच्या काठावर उभं राहून सांगा, त्यांना तो परिसर वेगळाच दिसेल.

सकाळी नऊच्या सुमारास अल फहिदी या जुन्या वस्तीत जा. दक्षिण इराणमधल्या बस्तक गावाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही घरं बांधली, समुद्रातल्या प्रवाळाचा दगड आणि जिप्सम वापरून. घरांवरचे चौकोनी मनोरे म्हणजे वारा खाली खेचायची सोय. मनोरा चारही बाजूंनी उघडा असतो आणि आत तिरक्या भिंतींनी त्याचे भाग पाडलेले असतात. ज्या बाजूने वारा येतो तिकडून तो अडून खाली खोलीत उतरतो, आणि गरम हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. मुलीला अशा एखाद्या मनोऱ्याखाली उभं करा, वारा अंगावर आला की वेगळं काही सांगावं लागत नाही. गल्ल्या सपाट आहेत, मध्ये बसायला चहा-कॉफीची अंगणं आहेत, त्यामुळे बाबांना त्रास होणार नाही. जवळचा १७८७ सालचा अल फहिदी किल्ला बाहेरून पाहा. तिथून कापड बाजारातून चालत अब्रा म्हणजे इथल्या होडीच्या धक्क्यावर या आणि १ दिरहममध्ये पलीकडे देराला जा. लाकडी होडी आहे, कठडा नाही, चढताना एक पाऊल खाली टाकावं लागतं. नावाडी हात देतो. बाबांना मधल्या फळीवर बसवा. पलीकडे मसाल्यांचा बाजार आणि सोन्याचा बाजार जवळजवळच आहेत. सोनं घ्यायचंच असेल तर त्या दिवसाचा भाव आधी पाहून घ्या आणि घासाघीस करायची ती घडणावळीवर, कारण सोन्याचा भाव ठरलेला असतो.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे आणि वर जायचं की नाही हा तुमचा प्रश्न. मुलगी सोबत आहे म्हणजे जाल. तिकीट आधी काढा, सूर्यास्ताची वेळ सगळ्यांत महाग असते. त्याऐवजी सकाळची वेळ घेतली तर गर्दी कमी आणि पैसेही कमी. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: ३१ डिसेंबरला त्या बाजूला फिरकू नका. आतषबाजीसाठी दुपारपासून आजूबाजूचे रस्ते टप्प्याटप्प्याने बंद होतात, संध्याकाळी तिथलं मेट्रो स्टेशन बंद होतं, आणि परतायला तासन्‌तास लागतात. लाखोंच्या गर्दीत सत्तरीच्या माणसांना नेऊ नका. मेट्रोत खाणं-पिणं मना आहे, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड होतो.

सफारीबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथेच सगळ्यांत जास्त गैरसमज असतात. नेहमीची सफारी म्हणजे दुपारी जीप येते, लहबाबच्या लाल वाळूत टेकड्यांवरून गाडी उडवतात, मग तळावर जेवण आणि नाच. गाडी उडवण्याच्या त्या भागात पाठीला आणि मानेला जोरदार हिसके बसतात. मणक्याचा त्रास, हृदयविकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर अजिबात बसू नये, आणि सत्तरीनंतर मी कोणालाच सुचवत नाही. कंपनीला आधीच सांगा की आम्हाला वाळूत गाडी उडवायची नाही, थेट तळावर न्या. बहुतेक कंपन्या ऐकतात. मुलीला हौस असेल तर तिच्यासोबत तुमच्यापैकी एकजण बसा आणि दुपारचं जेवण हलकं ठेवा, नाहीतर उलट्या ठरलेल्या.

याहून चांगला पर्याय म्हणजे दुबईचं वाळवंट संरक्षण क्षेत्र. २२५ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश कुंपण घालून राखलेला आहे आणि तिथे मोजक्याच कंपन्यांना परवानगी आहे. पैसे जास्त पडतात, पण गाडी संथ जाते आणि अरबी ओरिक्स मोकळ्यावर चरताना दिसतात. पांढऱ्या अंगाचं, लांब सरळ शिंगांचं हे हरिण १९७२ च्या सुमारास जंगलातून पूर्ण नाहीसं झालं होतं. पिंजऱ्यात वाढवलेल्या कळपांतून ते पुन्हा वाळवंटात सोडलं गेलं. संकटग्रस्त यादीत त्याचा दर्जा २०११ साली ‘असुरक्षित’पर्यंत सुधारला, आणि जंगलातून नामशेष झालेल्या प्राण्याच्या बाबतीत इतकी सुधारणा पहिल्यांदाच झाली. तिथेच तुम्हाला गाफची झाडं दिसतील. आईंना जवळ जाऊन पाहायला सांगा. गाफ म्हणजे आपली शमी, तीच जात, जिची आपण दसऱ्याला पूजा करतो. हे अमिरातींचं राष्ट्रीय झाड आहे. मुळं खूप खोल जातात म्हणून पाऊस नसतानाही ते हिरवं राहतं. माझ्यासोबत आलेल्या कित्येक आज्या त्या झाडाला हात जोडतात.

डिसेंबरमध्ये वाळवंटात रात्री चांगलीच थंडी पडते. दिवसा पंचवीस अंश असेल तर सूर्य मावळल्यावर तळावर बारा-तेरापर्यंत उतरू शकतं. आई-बाबांसाठी शाल, स्वेटर, कानटोपी आणा. दुबईत थंडी कसली, असं म्हणून लोक येतात आणि मग तळावर कुडकुडतात.

अबू धाबीचा दिवस. सोमवार टाळा, कारण मंदिर आणि लूव्र संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात. दुबईहून जाताना आधी अबू मुरेखाचं स्वामीनारायण मंदिर करा, ते शहराच्या अलीकडेच लागतं. १४ फेब्रुवारी २०२४ ला त्याचं उद्‌घाटन झालं. राजस्थानचा गुलाबी दगड आणि इटलीचा संगमरवर, आणि सात अमिरातींसाठी सात शिखरं. दर्शनासाठी आधी नोंदणी करावी लागते. कोरीवकाम पाहायला दीड तास ठेवा, घाई करू नका. दुपारी लूव्र. तिथला १८० मीटर व्यासाचा घुमट जाळीदार आहे आणि त्यातून ऊन झिरपून खाली पडतं. नारळाच्या झावळ्यांच्या मांडवाखाली बसल्यासारखं वाटतं. बाबा थकले असतील तर दालनं निम्मी पाहून घुमटाखाली पाण्याजवळ बसून राहा.

मग दुपारी चारच्या सुमारास शेख झायेद मशीद. ८२ घुमट, पांढरा संगमरवर, आणि आत इराणी विणकरांनी केलेला पाच हजार चौरस मीटरहून मोठा एकसंध गालिचा. प्रवेश विनामूल्य आहे पण ऑनलाइन नोंदणी हवी. बायकांनी डोकं झाकायचं, हात-पाय पूर्ण झाकलेले हवेत, कपडे तंग किंवा पारदर्शक नकोत. साडी नेसलेल्या आईंची कंबर दिसते म्हणून दारात अडवतात, त्यामुळे त्यांना त्या दिवशी सैल पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी सांगा. वाहनतळापासून आत चालणं बरंच आहे, बाबांसाठी विजेवरची गाडी किंवा व्हीलचेअर मागा, संकोच करू नका. चार वाजता पोचलात तर दिवसाचा पांढरा रंग आणि दिवे लागल्यानंतरचा निळसर रंग असे दोन्ही पाहायला मिळतात. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पाहुण्यांना प्रवेश नसतो.

आता अल ऐन. दुबईहून साधारण दीड तास, ओमानच्या सीमेला टेकलेलं गाव. इथे समुद्र नाही, काचेचे मनोरे नाहीत. आहे ते पाणी, आणि त्या पाण्यामुळे पाच हजार वर्षं टिकलेली वस्ती. २०११ साली युनेस्कोने इथल्या हफीत, हिली, बिदा बिंत सौद या पुरातन जागांना आणि मरूद्यानांना, म्हणजे वाळवंटातल्या पाण्यावर फुललेल्या बागांना, जागतिक वारशाचा दर्जा दिला. अमिरातींमधलं ते पहिलं जागतिक वारसास्थळ.

सकाळी साडेसातला निघा, त्याआधी नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे या रस्त्यावर दाट धुकं उतरतं. स्वतः गाडी चालवणार असाल तर भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, आणि अबू धाबीच्या हद्दीत शिरल्यावर पाटीवर लिहिलेला वेग हाच शेवटचा आकडा समजा. दुबईत कॅमेरा वीस किलोमीटरची सूट देतो, अबू धाबीत देत नाही. अल ऐन अबू धाबी अमिरातीतच येतं. तुम्हा सगळ्यांसाठी मी चालकासह गाडीच सुचवेन.

पहिल्यांदा मरूद्यानात जा. शहराच्या अगदी मध्यावर १ लाख ४७ हजारांहून अधिक खजुराची झाडं आहेत, शंभरेक जातींची. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना मातीच्या रंगाच्या बुटक्या भिंती, मधून फरसबंद सपाट वाट, आणि डोक्यावर झावळ्यांची सावली. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज काही पावलांतच मागे पडतो. लागवड नीट पाहा: सगळ्यांत वर खजूर, त्याच्या सावलीत आंबा, लिंबूवर्गीय झाडं, केळी, आणि जमिनीलगत चारा. वरच्या झाडाने ऊन अडवलं नाही तर खालचं एकही पीक तगणार नाही. डिसेंबरमध्ये झाडाला ताजा खजूर नसतो, तो उन्हाळ्यातला. पण बाजारात खलास जातीचा वाळलेला खजूर मिळतो, तो जरूर घ्या.

या वाटांच्या कडेने पाण्याचे उघडे पाट दिसतील. तो फलज. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर खणतात, तिच्या तळापासून गावाकडे जमिनीखालून बोगदा नेतात आणि त्याला अगदी बारीक उतार देतात. ठराविक अंतरावर वरून झरोक्यासारखे कूप असतात, गाळ उपसायला आणि आत काम करणाऱ्यांना हवा मिळायला. पाणी जमिनीखालून येतं म्हणून उन्हात उडून जात नाही, आणि उतारामुळे मोट किंवा पंप न लावता गावात पोचतं. तुम्ही छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी पाहिली असेल तर तत्त्व लगेच ओळखाल. इथे बिदा बिंत सौदजवळ आणि हिलीत सापडलेले फलज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

पण मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पाण्याचं वाटप. प्रत्येक बागेला पाणी मिळायचं ते वेळेच्या हिश्शाने. कोणाची पाळी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे ठरवणारा एक जाणता माणूस असायचा, त्याला आरिफ म्हणत. पाटाला फळी घालून तो पाणी वळवायचा. नाशिक-धुळ्याकडची फड पद्धत आणि पाटकरी ज्यांना माहीत आहे त्यांना ही व्यवस्था अजिबात परकी वाटणार नाही. शेख झायेद, जे पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, ते १९४६ पासून अल ऐनचे कारभारी होते, आणि तेलाचा पैसा यायच्या कितीतरी आधी त्यांनी हाती घेतलेलं मोठं काम म्हणजे बुजलेले फलज साफ करणं. मरूद्यानाच्या पश्चिम कडेला त्यांचा जुना वाडा आहे, आता संग्रहालय. खोल्या साध्या, अंगणं मोठी, तंबू मांडलेला. आज या देशाची जी श्रीमंती आपण दुबईत पाहतो तिच्या आधीचं घर कसं होतं, हे तिथे दिसतं.

तिथून जाहिली किल्ला जवळ आहे. १८९० च्या दशकात बांधलेला, मातीच्या विटांचा, चढत्या थरांचा गोल बुरूज असलेला. आत विल्फ्रेड थेसिगर या इंग्रज प्रवाशाचं छायाचित्र प्रदर्शन आहे. १९४०च्या दशकात त्याने बदू म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांमधल्या साथीदारांबरोबर उंटांवरून रुब अल खाली हे महावाळवंट पार केलं. मुलीला ते फोटो दाखवा आणि सांगा की तिच्या पणजोबांच्या काळात इथले लोक असे राहत होते.

जेवणाची काळजी नको, गावात केरळी आणि उत्तर भारतीय खाणावळी भरपूर आहेत. दुपारी हिलीच्या पुरातत्त्व उद्यानात जा. मध्यभागी १२ मीटर व्यासाचं गोल दगडी थडगं आहे, चार हजार वर्षांपूर्वीचं, पुन्हा जुळवून उभं केलेलं. दाराच्या दगडावर दोन ओरिक्स आणि त्यांच्यामध्ये माणसं कोरलेली आहेत. आदल्या दिवशी संरक्षण क्षेत्रात ओरिक्स पाहिले असतील तर मुलगी ते लगेच ओळखेल. या काळातल्या अमिरातींमधल्या थडग्यांत सिंधू संस्कृतीची भांडी आणि कार्नेलियन या लालसर दगडाचे मणी सापडले आहेत. इथल्या डोंगरातलं तांबं तिकडे जायचं, तिकडचा माल इकडे यायचा. आखात आणि आपला पश्चिम किनारा यांची ये-जा इतकी जुनी आहे.

उंटांचा बाजार पाहायचा असेल तर तो सकाळीच, पण तिथे काही जण स्वतःहून माहिती सांगायला लागतात आणि मग पैसे मागतात, तेव्हा आधीच बोलून घ्या. बाबांसाठी मी तो गाळेन आणि वेळ जबल हफीतसाठी ठेवेन. सुमारे १,२४० मीटर उंच चुनखडीचा डोंगर, वर जायला बारा किलोमीटरचा गुळगुळीत वळणदार रस्ता. गाडी थेट वरच्या वाहनतळापर्यंत जाते, चढायचं काही नाही. या दगडांत समुद्री जीवांचे अवशेष सापडतात, म्हणजे हा सगळा भाग कधीकाळी पाण्याखाली होता. डिसेंबरअखेर सूर्य साडेपाचच्या थोडं नंतर मावळतो, पाचला वर पोचा. एका बाजूला गाव आणि मरूद्यानाचा गडद हिरवा पट्टा, दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत वाळू. वर वारा बोचरा असतो. साडेसात-आठला दुबईत परत.

इथेही सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात, त्यामुळे सोमवार शहरासाठी ठेवा.

बाकीच्या सहली थोडक्यात. हत्ता हे डोंगरातलं गाव छान आहे, तिथल्या धरणात कयाक चालवता येतात, पण ती तरुणांची मजा. जायचंच झालं तर मलीहामार्गे जा, कारण जुना सरळ रस्ता ओमानच्या हद्दीतून जातो. फुजैरातली अल बिदया ही पंधराव्या शतकातली छोटी मशीद मला फार आवडते, एकाच खांबावर तोललेले चार घुमट, पण तिच्यासाठी अख्खा दिवस जातो. पुन्हा आलात तर नक्की. रास अल खैमातल्या जबल जैस डोंगराची वळणंही पुढच्या वेळी.

सामान भरताना एक सांगते, आणि हे आईंना वाचून दाखवा. खसखस आणू नका. अनारशांवरची, मसाल्यातली, कुठलीच नाही. इथे ती अमली पदार्थांत मोडते आणि विमानतळावर मोठा त्रास होऊ शकतो. गुटखा, मावाही नको. औषधांपैकी कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या यांच्यावर कडक निर्बंध आहेत. बाबांच्या गुडघ्यांसाठी असं काही चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून पर्याय घ्या किंवा सरकारी संकेतस्थळावरून रीतसर परवानगी काढा. बाकीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा.

दिवसांचा क्रम मी असा लावेन: पहिल्या दिवशी खाडी आणि जुनी वस्ती, दुसऱ्या दिवशी सकाळी बुर्ज खलिफा, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी ग्लोबल व्हिलेज. तिसऱ्या दिवशी अबू धाबी. चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यांना झोपू द्या आणि दुपारी संरक्षण क्षेत्रातली सफारी करा. पाचव्या दिवशी अल ऐन. परतीचं विमान पाचव्या दिवशीच रात्री असेल तर अल ऐन आणि खाडीची अदलाबदल करा, म्हणजे शेवटच्या दिवशी विमानतळ जवळ राहील. तुमच्या विमानाच्या वेळा आणि येण्याचा वार कळवा, सोमवार कुठे पडतो ते पाहून क्रम पक्का करून देते.